लई उशिरा आणलं तुम्ही

"लई उशिरा आणलं तुम्ही." परभणी जिल्ह्यातल्या पालम, जिंतूर, गंगाखेडकडच्या गरीब माणसाने आपल्या रोग्याबद्दल हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. सांगणारा डॉक्टर बहुतेक वेळा खरंच बोलतो. रोगी उशिराच आलेला असतो. माझी हरकत फक्त शेवटच्या शब्दाला आहे. तुम्ही.

हा उशीर होतो कसा, ते बघा. सोयाबीन काढणीचे दिवस आहेत. बाईच्या अंगात ताप आहे, तरी ती रानात जाते, कारण काढणीचं गुत्तं घेतलंय आणि एक हात कमी झाला तर बाकीच्या बायांवर भार पडतो. दुसऱ्या दिवशी मेडिकलवरच्या गोळ्या. चौथ्या दिवशी गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन आणि सलाईन, पैसे कापूस विकल्यावर देण्याच्या बोलीवर. सातव्या दिवशी तालुक्याचा सरकारी दवाखाना. तिथून परभणीला न्या. परभणीहून नांदेडला न्या. सोबत नवरा पाहिजे, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. शेळी विकावी तर बाजार मंगळवारचा आणि आज बुधवार. आठवड्याचा हा हिशेब केसपेपरवर कुठेच येत नाही. तिथे येतं फक्त 'उशिरा आणले'.

१५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या. चांगला निर्णय, मनापासून सांगतो. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याची, ती या निर्णयातून वगळली गेली. म्हणजे दुखणं वाढलं आणि माणूस पुढे गेला की तो मोफतच्या हद्दीबाहेर पडला. तिथे महात्मा फुले योजना आहे. तिला रेशनकार्ड लागतं, आधार लागतं, आणि ते गावी पत्र्याच्या पेटीत असतं. आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत आणखी एक दिवस गेला. शिवाय गाडीभाडं, सोबतच्याचं जेवण, 'बाहेरून आणा' म्हणून हातात पडलेली चिठ्ठी. हा खर्च घरच्यांच्याच खिशातून जातो.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांतली १२ नवजात अर्भकं. खुलासा आला की सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत मोठा दवाखाना हाच, त्यामुळे रोगी लांबून येतात आणि गंभीर होऊन येतात. खुलासा खोटा नव्हता. परभणी ते नांदेड अंतर तेवढंच भरतं. पण सत्तर किलोमीटरच्या टापूत एकच दवाखाना असणं हा रोग्याचा दोष कसा? औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघालं, नांदेडला १९८८ साली. परभणीकर आंदोलनं करत राहिले आणि त्यांना ते मिळालं २०२३ साली. सगळ्यात मोठा उशीर इथे झाला.

आता ऊसतोडीकडे या, कारण उशीर कसा विकत घेतला जातो ते फडात दिसतं. गंगाखेडच्या डोंगरातली, सोनपेठकडची माणसं दिवाळीच्या मागेपुढे कारखान्यावर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत त्या दोन शरीरांवर त्याचा हक्क. दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ताप असो, पाळी असो, गर्भ असो, खाडा तो खाडाच. आडोसा नाही, न्हाणी नाही, पाणी लांब. बाईच्या अंगावरून पांढरं जायला लागतं. पट्टा पडल्यावर, हंगाम संपल्यावर बघू, असं ती म्हणते, आणि पाच महिने मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. मार्चात दवाखान्यात गेली की सांगतात, पिशवी काढून टाका. तीही हो म्हणते. पाळीच गेली तर खाडा टळेल, हा तिचा हिशेब. ऑपरेशनचे पैसे पुन्हा मुकादमाकडून, म्हणजे पुढच्या वर्षाची उचल आताच घेतली.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा बायकांत एक. मधे फक्त जिल्ह्याची हद्द आहे. उचल तीच, खाडा तोच. ज्या व्यवहारात बाईला दोन दिवस पडून राहण्याची किंमत गर्भाशयाने मोजावी लागते, त्याला मजुरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे हक्काचं बोलणं आहे, दयेचं नाही. ८ जुलै १९९२ला बंगालमधला हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला खाट नाही, सोय नाही म्हणून फिरवलं. शेवटी खासगीत पैसे मोजून तो वाचला. त्याच्या शेतमजूर संघटनेने दावा लढवला आणि ६ मे १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेळेवर उपचार न मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. मजूर त्याच वर्गातला, जो आपल्या मोंढ्यात हमाली करतो आणि कालव्यावर ऊस तोडतो. निकाल देशभर लागू आहे. सोनपेठहून रात्री दोन वाजता अडलेली बाळंतीण निघाली तर तिला भूलतज्ज्ञ किती किलोमीटरवर सापडतो, हे पालकमंत्र्यांना आणि प्रत्येक आमदाराला तोंडपाठ हवं.

परभणीत हक्कांबद्दल बोलायचं तर १० डिसेंबर टाळता येत नाही. मानवी हक्क दिन. २०२४ साली त्याच दिवशी इथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर पेटलं, धरपकड झाली. त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. आधी हृदयविकार सांगितला गेला. विधानसभेत त्याच्या श्वसनाच्या आजाराचा उल्लेख झाला. छत्रपती संभाजीनगरच्या प्राथमिक शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिलं होतं. गरिबाचा आजार जिवंतपणी शोधायला या जिल्ह्यात आठवडे जातात. मेल्यावर तो लगेच सापडला, याचा मला संताप आहे.

त्याची आई न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथेही तो आदेश कायम राहिला. १५ डिसेंबर ते ३० जुलै, साडेसात महिने. हा उशीर त्या आईने केलेला नाही.