अनोळखी माणूस पाहिजे

खानदेशात अनोळखी माणसाचा फोटो काढायचा, तर आधी अनोळखी माणूस मिळायला हवा. आणि घोडं तिथेच अडतं. जळगावच्या सुभाष चौकात एखाद्या चेहऱ्यावर नजर ठरावी, कॅमेऱ्याचं झाकण निघावं, तोच तो चेहरा विचारतो, "कुठले तुम्ही?" गाव सांगितलं की तालुका निघतो, तालुक्यावरून आडनाव, आणि आडनावावरून पाचोऱ्याला दिलेली कुणाची तरी आत्येबहीण. चार वाक्यांत आपण त्यांचे भाचे झालेलो असतो. मामांचा फोटो काढायला माझी हरकत नाही, पण त्याला अनोळखी माणसाचं व्यक्तिचित्र कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा नामांकित फ्रेंच छायाचित्रकार आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकून रस्त्यावर उतरायचा, कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून. पॅरिसात ही युक्ती चालली असेल. जळगावच्या दाणाबाजारात कॅमेरा झाकून काय उपयोग? तिथे नवखा माणूसच चकाकतो. हमाल पाठीवरच्या पोत्यासकट मान वळवून बघतात आणि गल्ल्यावरचे शेठजी "पेपरवाले का?" म्हणत भाव पडल्याची बातमी सांगायला घेतात.

धुळ्याला पाचकंदीलच्या बाजारात लिंबं विकणारी एक आजी बसली होती. लिंबं मोजताना तिच्या कपाळावरच्या आठ्या अशा काही हलत होत्या की, रंग नसला तरी चालेल, एवढ्या आठ्या मिळाव्यात असं वाटलं. मी विचारलं. "मन्हा काय फोटू काढस रे भाऊ?" असं म्हणता म्हणता तिचे हात कामाला लागलेही होते. "थांब, पदर ते लेऊ दे." पदर डोक्यावर आला, हात लुगड्याला पुसले गेले, मिश्रीची डबी पोत्याखाली सरकली, आणि आठ्यांसकट सगळा चेहरा एकदम मतदार ओळखपत्रावरच्यासारखा झाला. मी तोही फोटो काढला. काढावाच लागतो, तो त्यांच्या हक्काचा असतो. मग गिऱ्हाईक आलं, घासाघीस झाली, एका लिंबावरून तंटा पेटला, आजी मला विसरली, आणि आठ्या आपापल्या जागी परतल्या. दुसरा फोटो तेव्हा काढला. न विचारता लांबून टिपणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण त्यांना चहा मिळत नाही.

इथलं ऊनही फोटोवाल्याशी फटकूनच वागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे उरतात. त्यात डोक्यावर परीटघडीची पांढरी टोपी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक सगळं जग करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. टोपीवर धरला तर टोपी मळकट आणि चेहरा काळाठिक्कर, चेहऱ्यावर धरला तर टोपी उन्हात विरघळून जाते. म्हणून जाणकार दुकानाच्या पालाखालची सावली गाठतात. तिथे समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवरून परतलेला उजेड गालावर बेतानं पडतो.

आणि रंग काढून घेतल्यावर जळगावचं उरतं काय, हाही प्रश्नच आहे. सराफ बाजार पिवळा, केळीही पिवळी. काळ्या-पांढऱ्यात पाटली आणि केळ्याची फणी एकाच फिकट करड्या रंगात शेजारी बसतात. दरातला फरक फोटोत दिसत नाही. जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर तांबडं दिसतच नसे. त्या काळातल्या आज्यांच्या कपाळावरचं कुंकू म्हणूनच फोटोत काळंभोर आहे.

या साऱ्या कटकटीवर खरा तोडगा काढला तो चाळीसगावच्या केकी मूस यांनी. जन्म १९१२ चा. इंग्लंडात कला शिकून आलेला हा पारशी गृहस्थ चाळीसगावात स्थायिक झाला आणि पुढे जवळजवळ घराबाहेर पडलाच नाही. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांतून निसर्गदृश्यं उभी करायची आणि त्यांचे फोटो काढायचे, ही 'टेबलटॉप' छायाचित्रण नावाची कला त्यांनी दार लावून केली. बक्षिसं त्या दारापर्यंत चालत आली. व्यक्तिचित्रंही काढली, पण त्यासाठी रस्ते तुडवले नाहीत. सांगतात की त्यांची प्रेयसी पंजाब मेलनं येणार होती, आणि ती गाडी स्टेशनातून पुढे गेल्याशिवाय ते रात्रीचं दार लावत नसत. पंजाब मेलही १९१२ चीच, म्हणजे दोघं एका वयाचे. १९८९ साली ते गेले; गाडी अजून धावते आहे. प्रेमकथेत सांगणाऱ्यांनी किती भर घातली, ते मी खणायला जाणार नाही. मला मोह पडतो तो त्यांच्या घरातल्या शांततेचा. तिथे त्यांना "कुठले तुम्ही?" विचारायला कुणी नव्हतं.

आपल्याला ते झेपणार नाही. शिवाय रस्त्यावरच्या माणसांनाही फोटोबद्दल ठाम मतं असतात, आणि ती ऐकण्यासारखी असतात. मुख्य तक्रार रंगाची. काळा-पांढरा फोटो आमच्याकडे भिंतीवर असतो, त्याला हार असतो आणि वर्षातून एकदा त्याच्यासमोर पान वाढलं जातं. जित्याजागत्या माणसाला तसला फोटो दाखवला की तो आधी दचकतो. धुळ्याच्या एका नंबरवाल्या गल्लीत ओट्यावर बसणाऱ्या आबांना मी छापील प्रत नेऊन दिली, तेव्हा सूनबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि "याले रंग नही का?" म्हणून माझ्याकडे संशयानं बघितलं. आबांनी प्रत हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली, बराच वेळ स्वतःला न्याहाळलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "पुढे कामले यी."

लगोलग नातवाला हाक मारून फ्रेमवाल्याकडे पिटाळलं. लाकूड कसलं, काच कसली हे सांगून झाल्यावर तो पायऱ्या उतरत असताना मागून आवाज दिला, "हारले जागा ठेवजो रे!" मग माझ्याकडे वळले. "आनि एक रंगीत बी काढ. बँकमा लागस."