रस्सा आण रे!

नाशिकमध्ये पत्ता विचारायचा तर इथल्या मिसळभक्ताला विचारू नये. तो चुकीचा सांगतो असं नाही; पण त्याच्या नकाशावर फक्त मिसळीची हॉटेलं आहेत. सातपूर म्हणजे श्यामसुंदर, कॉलेज रोड म्हणजे तुषार, पंचवटी म्हणजे अंबिका. पंचवटीत काळारामाचं मंदिरही आहे, हे तो नाकारत नाही. प्रभू रामचंद्रांनी वनवासाला नेमकी हीच जागा निवडली ती काही उगाच नाही, एवढं म्हणून तो अंबिकेच्या दिशेला बोट दाखवतो.

वय पन्नाशीच्या अल्याडपल्याड. अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर असेल, विमा एजंट असेल नाहीतर निफाडकडचा द्राक्षबागायतदार असेल. रविवारी सकाळी सगळे एकाच पंथाचे. शर्ट गडद रंगाचा. पांढरा शर्ट घालून मिसळीला येणाऱ्या माणसाशी तो बोलेल, पण त्याच्या घरात मुलगी देणार नाही.

ताट आलं की आधी पाहणी होते. मोडाची मटकी, शेव, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, दही, पाव, रस्सा आणि पापड. हा पापड म्हणजे नाशिकचा मानबिंदू. कोल्हापूरकर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस देतात, पुणेकर मिसळीत पोहे घालतात. त्यावर तो काहीच बोलत नाही. फक्त पापड मोडतो. समोर बसलेल्या पुण्याच्या साडूला तो आवाज बरोबर पोचतो.

मग रस्सा. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजून केलेल्या मसाल्याचा असेल तर तो मान डोलावतो. नुसता लालभडक असेल तर, "रंगाला भुलू नका भो," असं शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतपत कुजबुजतो. मिसळ एकच मागवायची असते आणि रस्सा पुन्हा पुन्हा, कारण बहुतेक ठिकाणी जादा रस्स्याचे पैसे पडत नाहीत. दुसरी वाटी येते तेव्हा उसळ संपलेली असते, म्हणून थोडी शेव मागायची. शेव आली की पाव कमी पडतो. पाव आला की रस्स्याची वाटी कोरडी पडलेली असते. हे चक्र शेवटी घाम थांबवतो. माणसाच्या हातात काही नाही.

खरं तर त्याची भूक मिसळीची नसतेच. कंपनीत साहेब त्याचं आडनाव अजून चुकवतो. घरी मुलं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. मात्र गावातल्या जुन्या हॉटेलात तो बाकावर टेकायच्या आत पोऱ्या भटारखान्याकडे बघून ओरडतो, "भाऊंची एक, तर्री जास्त!" आणि रस्सा न मागता येतो. एवढ्या मानासाठी माणूस आठवडाभर नोकरी करू शकतो.

म्हणून तर अलीकडच्या मळ्यातल्या मिसळीचं आणि त्याचं पूर्ण जमलेलं नाही. द्राक्षाच्या बागेत बसून मिसळ, चुलीवरची मिसळ, पोरांना झोके, बायकांना फोटोला जागा, सगळं झकास. पण रविवारी तिथे टोकन घ्यावं लागतं. आपल्याच शहरात, आपल्याच पाहुण्यांसमोर, हातात चिठ्ठी धरून उभं राहायचं! तो हळूच चुलीपाशी जातो आणि ओळख निघेल या आशेनं विचारतो, "काय मावशी, आज लाकूड कोणतं?" मावशी वर न बघता म्हणतात, "दादा, टोकन घेतलं का?"

त्याच्या आयुष्यातला मोठा घाव मात्र 2015 चा. त्या वर्षी लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून मिसळ निवडली गेली आणि ती निघाली दादरच्या आस्वादची. मिसळीला मान मिळाला याचा आनंद मानावा तर तो मुंबईच्या पदरात. त्यानं कारण शोधलं आहे: त्या वर्षी इथे सिंहस्थ होता, अख्खं गाव साधूंच्या सरबराईत, लंडनवाल्यांकडे बघायला माणूस नव्हता. आता पुढच्या सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून त्याला एकच काळजी आहे. पर्वणीला पंचवटीचे रस्ते बंद केले, तर अंबिकेपर्यंत पोचायचं कसं?

त्याचा दुसरा हळवा विषय कांदा. भाव चढले की काही ठिकाणी कांद्यात कोबी दिसू लागतो. "लासलगाव आपल्या जिल्ह्यात, आणि ताटात कोबी?" असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर कापतो.

मुलाच्या वाढदिवसाला त्याला बर्गर खायला नेलं होतं. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं 1996 साली. हा तिथे पोचला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तोही नाइलाजानं. पाव दाबून पाहिला. पाव पास झाला. टिक्कीबद्दलही तक्रार नव्हती. "सोबत ओलं काय?" त्यानं विचारलं. मुलानं सॉसची पुडी पुढे केली. ती बोटांत फिरवून, दोन्ही बाजूंनी वाचून, त्यानं खिशात ठेवली आणि उरलेला बर्गर चहाबरोबर खाल्ला. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "लोक गरीब असावेत. रस्सा परवडत नसेल."

तर, पुण्याचे साडू. नाकातून पाणी, हातात रुमाल, कपाळ ओलं. सगळं टेबल निकालाची वाट बघतंय. "छान आहे," साडू म्हणतात, "पण जरा तिखट. आमच्या बेडेकरांकडे कसं..."

तो रागावत नाही. साडूंसाठी आणखी एक दही मागवतो आणि त्यांचा हात पाकिटाकडे जायच्या आत बिल चुकतं करतो. मग शांतपणे सांगतो, "साडूभाऊ, चूक तुमची नाही. तुम्ही उपाशी आला होतात. उपाशीपोटी चव कळत नाही, तिखटच लागतं. आता पोटाला आधार झालाय. चला, बसा गाडीत."

"आता कुठे?" मागच्या सीटवरून मेहुणी घाबरून विचारते.

"घराच्याच वाटेवर आहे," असं म्हणत तो गाडी बरोबर उलट्या दिशेला वळवतो.