हाम्बुर्गहून मोऱ्याला

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नारळी पौर्णिमेचे फोटो मिळाले. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचे तुम्ही मोबाइलने काढलेले फोटो मिळाले. मोरा बंदर, पताका लावलेल्या होड्या, सोनेरी नारळ, सगळं आहे. पण त्यावर आपल्या ओटीवरची ट्यूबलाइट आडवी झोपलीय आणि कोपऱ्यात तुमचा चष्मा. नातू विचारतो, "आजोबा पाण्यात कशाला उतरले?" तुमची सून अजून हसतेय.

तर आता नीट वाचा. कॅमेरा बंद करून खालचं झाकण उघडा. कार्ड आत दाबलं की टक् करून वर येतं. ओढू नका, चिंबोरीची नांगी नव्हे ती. लेबल आपल्याकडे धरलंत की डाव्या कडेला बारीक खिट्टी दिसेल. ती खाली सरकली की कार्डाला कुलूप. फोटो बघता येतात, नवे काढता येत नाहीत. मागे 'कॅमेरा बिघडला' म्हणून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडायला निघाला होतात ना, ते हेच. आई सांगत होती, ओहोटीमुळे लाँच बंद होती म्हणून परत आलात. मोऱ्याच्या गाळाने आजवर केलेलं हे एकमेव सत्कार्य!

कार्ड रीडरमध्ये घालून रीडर कॉम्प्युटरला लावलात की 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर दिसेल. आई घाबरली होती तसं ते सरकारी खातं नाही. कुठल्याही कंपनीचा कॅमेरा घ्या, फोटो त्यातच ठेवतो. ते फोटो 'कॉपी' करा, 'कट' अजिबात नको. मध्येच दिवे गेले तर ना इकडे ना तिकडे. नव्या फोल्डरला सणाचं नाव आणि साल द्या. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ला संपतात आणि पुन्हा ०००१ सुरू होतो. मग शिमग्याचा ०००१ नारळी पौर्णिमेच्या ०००१च्या उरावर बसायचा. सगळे फोटो उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ लावा, नाहीतर ही नारळी पौर्णिमा १ जानेवारीला झाली म्हणून नोंद राहील.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि होडीवरचं नाव वाचता येत नाही.

वेळ लागला तर लागू दे. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननी पहिला डिजिटल कॅमेरा केला, तेव्हा एकच काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तुम्हाला गणपती उजाडले तरी कुणी बोलणार नाही.

फक्त आईने तळलेल्या पापलेटांचे फोटो गाळा. ते मात्र नेमके दरवेळी स्वच्छ येतात, आणि आम्ही इथे खारवलेल्या हेरिंगवर दिवस काढतोय.

आईस नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे.

आपला,
थोरला