डावं-उजवं

पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला आपल्या चेहऱ्याबद्दल जे ठाऊक असतं, ते आपल्या आईलाही सांगवत नाही. 'काका, मान जरा उजवीकडे. एवढी नको. हां. आता हनुवटी खाली.' काकांना वाटतं, हा मान सरळ करतोय. तो बिचारा आख्खा चेहराच सरळ करत असतो.

चष्मेवाला त्याच्याही पुढचा. माझा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली आहे हे त्यानं अवाक्षर न काढता ओळखलं. नवाकोरा चष्मा गरम हवेवर धरला, एक काडी हलकेच वाकवली, चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. मग पुन्हा तेच. आता तो चष्मा माझ्या तोंडावर अगदी सरळ दिसतो. टेबलावर ठेवला की लंगडतो.

आरसा मात्र आपल्याला आयुष्यभर सांभाळून घेतो. त्यातला उलटा चेहरा रोज दाढी करताना पाहून अंगवळणी पडलेला असतो. फोटोत तोच चेहरा लोकांना दिसतो तसा समोर येतो आणि माझी चढी भुवई भलत्याच बाजूला जाऊन बसलेली दिसते. 1977 मध्ये अमेरिकेत तिघा मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना त्यांच्याच फोटोच्या सुलट आणि उलट प्रती दाखवल्या. बहुतेकींना स्वतःची आरशातली छबी आवडली. त्यांच्या जवळच्या माणसांना सुलट. म्हणजे ज्या वाकडेपणानं आपली झोप उडते, तोच आपल्या माणसांच्या पसंतीला उतरलेला असतो. सेल्फीचं तर मनावरच घेऊ नये. फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं, हे गणित 2018 मध्ये प्लास्टिक सर्जरीच्याच नियतकालिकात मांडलं गेलं. सेल्फी पुढे करून नाक बारीक करून मागणारे फार वाढले असावेत.

उपाय नाहीत असं नाही. भांग दुसऱ्या बाजूला पाडावा, दाढी राखावी, भुवयांचं काम पार्लरमधल्या ताईंवर सोपवावं. हे सगळे आपले गरिबाघरचे इलाज. माझ्या जबड्याची एक बाजू जरा भरलेली आहे. कारण शोधायला गेलो तर निघाली दुसऱ्या बाजूची किडलेली दाढ! तिला जपण्यासाठी मी चकली, सुपारी, दाणे सगळं एकाच अंगानं चावत आलो आणि त्या बाजूचा स्नायू तालमीत गेल्यासारखा फुगला. अशा स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. तो काही महिने सैलावतो, मग पुन्हा सुई, पुन्हा बिल. बसक्या गालात फिलर भरतात, त्याचीही तीच कथा. नाकाचा पडदा वाकडा असून श्वास अडत असेल, किंवा जबडाच एकीकडे सरकून घास नीट चावता येत नसेल, तर शस्त्रक्रिया जरूर करावी. तिथे प्रश्न सौंदर्याचा राहतच नाही. जबड्याची मोठी शस्त्रक्रिया मात्र सहसा हाडांची वाढ पुरी झाल्यावरच करतात, आणि आधी कित्येक महिने दातांना तारा. आणि एक गोष्ट बिलकुल विनोदाची नाही: चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली तर आरसा, तेल, शेक काही नको, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठावं.

या सगळ्या विचारात मला अभिनेत्री ललिता पवार आठवतात. 1942 मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड नको इतकी जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. बराच काळ उपचार चालले, तरी डोळा बारीकच राहिला आणि नायिकेच्या भूमिका सरल्या. मग त्याच डोळ्यानं त्यांनी पडद्यावरच्या सुनांना असा धाक घातला की खऱ्या सासवा फिक्या पडाव्यात. पुढे दूरदर्शनवर मंथराही झाल्या. पण 'अनाडी'तली मिसेस डिसा पाहा. तोंडानं भाडेकरूला फैलावर घेते आणि तोच बारीक डोळा सांगतो की म्हातारीला या पोराची माया लागलीय. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. दोन्ही डोळे सारखे असते तर एकाच चेहऱ्यावर राग आणि माया शेजारी-शेजारी इतकी सुखानं नांदली असती का, मला शंका आहे.

तरी माणसाचा मोह सुटत नाही. दाढेचं रूट कॅनल करून घेतलंच आहे, तर लगे हाथ भुवईचंही काही बघावं, असं मी घरी सुचवून पाहिलं.

"अहो, भुवईला हात लावायचा नाही," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुम्ही थापा मारायला लागलात की तीच वर जाते. मग मला कळायचं कसं?"

"मी कधी थापा मारल्या?" मी म्हणालो.

तिनं मान वर करून एकवार पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.