काठोकाठ

आमच्या ऑफिसात महिन्यातून एका शुक्रवारी जो तो आपले घरचे उद्योग दाखवतो. सगळे सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे उद्योग पडद्यावरचेच. मी मात्र साबुदाण्याचा डबा, कूलरचा पंप, धुण्याचा टब आणि पँट्रीतली बादली मांडून बसलो. डब्यात आर्डुइनो उनो, एक रिले आणि तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर. टाकी भरली की पंप आपोआप बंद.

“रॅम किती?”

“2 केबी.”

“जीबी म्हणायचंय का?”

“केबीच.” मग खोलीभर ती शांतता पसरली, जी एरवी मयतीला असते.

टबातलं पाणी बादलीत चढवणारा पंप सुरू केला. हा सेन्सर 40 किलोहर्ट्झची, आपल्याला ऐकू न येणारी हाक मारतो. ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतो. घरी मी 10 सेंटिमीटरला पंप बंद होईल असं ठेवलं होतं, आणि तो गुमान होत होता. पण त्या दिवशी सकाळी चहा पिताना माझ्यातला पेठेतला माणूस जागा झाला. पाणी तासभर येणार, त्यात वरची 10 सेंटिमीटर रिकामी कशाला सोडायची? केला आकडा 1. शुक्रवारी चालत्या कोडला हात लावू नये, हे मी दर आठवड्याला नव्या पोरांना सांगतो.

या सेन्सरला 2 सेंटिमीटरच्या आतलं मोजताच येत नाही. त्याची हाक पुरती विरायच्या आत ‘ओ’ येते आणि बिचारा गोंधळतो. ते सेन्सरच्या कागदावर छापलेलंही असतं. मी कागद वाचत नाही. कागद न वाचणाऱ्यांवर मात्र फार चिडतो.

बादली काठोकाठ भरली. सेन्सरने बेधडक कळवलं, पाणी दीड मीटर खाली आहे. बादली गुडघ्याएवढी. पाणी गालिच्यावर आलं.

“रोलबॅक कर!” मागून कोणीतरी ओरडलं.

“लॉग काय म्हणतायत?”

मी लॅपटॉप उघडून, ओल्या मोज्यांनिशी, 1 चा परत 10 करत होतो. नवा कोड चढवायला केबल लागते, केबल घरी. तेवढ्यात सफाईच्या मावशी आल्या, भिंतीतला प्लग उपटला आणि टबाकडे ढुंकूनही न बघता म्हणाल्या,

“दादा, माझी बादली शोधत होते मी सकाळपासून.”