चौदा तास अंधार

"ह्याला पाणी कमी घाला," असं नर्सरीतल्या माळ्याने मला बजावून सांगितलं होतं. तेव्हा चूक माझी नाही, 'कमी' या शब्दाची आहे. मी चहात साखर कमी घेतो, म्हणजे दोन चमचे. त्याच हिशेबाने नव्या कलांचोच्या रोपाला मी रोज सकाळी आंघोळीनंतर तुळशीला घालून उरलेलं अर्धा तांब्या पाणी घालू लागलो. अर्धा तांब्या म्हणजे कमीच की!

रोप गोजिरवाणं होतं. वीतभर उंची, जाड चकचकीत पानं, त्यांना कातरल्यासारख्या कडा आणि वर लाल फुलांचे गुच्छ. एकेक फूल नखाएवढं, चार पाकळ्यांचं. असं देखणं रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणं मला बरं वाटेना. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या चिनी मातीच्या भांड्यात मी ते हलवलं. भांड्याला बुडाशी भोक नव्हतं. निरोपाच्या भेटीला भोक पाडायला मन धजलं नाही.

बाराव्या दिवशी पानं माना टाकून बसली. तहान लागली असणार, म्हणून मी पूर्ण तांब्या ओतला. पंधराव्या दिवशी पानाला बोट लावलं तर पान हातात आलं आणि देठ बुडाशी काळा, भाजलेल्या वांग्यासारखा मऊ.

वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करणारी माझी भाची प्रेत बघायला आली. तिने सांगितलं की हे झाड मूळचं मादागास्करचं, रॉबर्ट ब्लॉसफेल्ड नावाच्या जर्मन माणसाने 1932 साली पॉट्सडॅमहून बाजारात आणलेलं, आणि आपल्या पानफुटीचं सख्खं भावंड. पानफुटी म्हटल्यावर मला ओळख पटली. शाळेत तिचं पान वहीत ठेवून कडेने पिल्लं कधी फुटतात ते आम्ही गणिताच्या तासाला बघत असू. भाची पुढे म्हणाली, पानफुटी, कलांचो ही सगळी मंडळी दिवसा पानांची भोकं मिटून बसतात आणि रात्री उघडून हवा घेतात, त्यामुळे पाणी फारसं उडत नाही. रात्री घेतलेल्या हवेचं पानात आम्ल होऊन साठतं, म्हणून पानफुटीचं पान पहाटे आंबट आणि दुपारी बेचव लागतं. बेंजामिन हाइन नावाच्या साहेबाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे हिंदुस्थानातच चावून बघून हे विलायतेला कळवलं होतं. मीही लगेच एक पान तोंडाकडे नेलं. ते खाऊन गुरं दगावतात, असं भाची वेळेवर म्हणाली.

दुसरं रोप मातीच्या कुंडीत लावलं, भोकाच्या. माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. हे जगलं. फुलंही दोन महिने टिकली, गेली आणि मग दीड वर्ष नुसती पानं. पालेभाजी म्हणून पोसावं तर तीही विषारी.

पुन्हा भाची. म्हणाली, "मामा, याला रात्र मोठी लागते. सलग सहा आठवडे, रोज चौदा तास काळोख. मगच कळ्या धरतं." थंडीत पुण्यातली रात्र तेरा तासांपर्यंत जाते, तेवढ्यावरही बाहेरची झाडं फुलतात. पण आमच्या हॉलमध्ये बारापर्यंत ट्यूब जळते, त्यामुळे त्या बिचाऱ्याच्या लेखी बारा महिने उन्हाळाच.

गणपती गेले आणि मी टीव्हीचं जुनं खोकं माळ्यावरून काढलं. फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. संध्याकाळी पाचला खोकं ठेवायचं, सकाळी सातला काढायचं. निवृत्तीनंतर प्रथमच मला वेळेवर करायचं काम मिळालं होतं. एका साखरपुड्यातून मी जेवणाच्या आधी, साडेचारला उठलो. "खोकं ठेवायचंय," एवढंच सांगितलं. शेजारचे काका दोनदा येऊन खोक्याला कान लावून गेले. आम्ही परवानगीशिवाय पोपट पाळलाय, असा त्यांचा समज होता.

सहा आठवडे झाले. एक कळी नाही.

भाची जेवायला आली होती. "नेमाने केलंस ना?" मी म्हटलं, नेमाने म्हणजे काय! रोज रात्री साडेअकराला खोकं उचलून, मोबाईलचा टॉर्च मारून, एकेक शेंडा तपासत होतो कळी आली का म्हणून.

तिने वरणाची वाटी खाली ठेवली. "मामा, मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी रात्र मोडते. झाडाला वाटतं दोन छोट्या रात्री झाल्या."

"म्हणजे," बायको म्हणाली, "बेचाळीस रात्री तुम्ही त्याला गदागदा हलवून विचारत होता, झोप लागली का?" आणि भाचीकडे वळून, "मलाही असंच उठवतात गं."

दिवाळीपासून खोक्याचा ताबा बायकोकडे गेला. पाचनंतर कुंडीच्या तीन फुटांच्या आत यायला मला मनाई, आणि मोबाईल उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात. पहिले काही दिवस साडेअकराला मला आपोआप जाग यायची. मी पडल्या पडल्या हॉलच्या दिशेने बघत राहायचो.

नाताळच्या सुमारास शेंड्यांवर मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले. जानेवारीच्या अखेरीस लाल गुच्छ उमलले, पहिल्याहून दाट. हळदीकुंकवाला आलेल्या बायका खिडकीशी थबकून बघत होत्या. त्यांतल्या एकीने विचारलंच, "कोण करतं हो एवढं?"

"ह्यांचंच झाड आहे," बायको तिळगूळ वाटता वाटता म्हणाली. "यंदा ह्यांनी काहीच केलं नाही, म्हणून आलंय."