शहाण्यांनी पिझ्झा मागवावा

परातीत मैदा घेण्यापासून सगळा पिझ्झा घरी करणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि तो घरोघरी अधूनमधून व्हायलाच हवा. हिशेबाची वही मात्र मध्ये आणू नये. मोबाइलवर बोट टेकवलं की थोड्या वेळात गरम खोका दारात येतो. घरच्या पिझ्झ्याचं पीठ आदल्या दिवशी भिजवावं लागतं, रात्रभर फ्रिजमध्ये जागा अडवतं, आणि तेवढ्यासाठी दह्याचं पातेलं बाहेर काढावं लागतं. व्यवहार पाहणाऱ्याने पिझ्झा मागवावा हेच बरं.

नेपल्समध्ये हा वेडेपणा रीतसर जपला जातो. तिथे १९८४ साली खऱ्या नेपल्सी पिझ्झ्याच्या रक्षणासाठी संघटना स्थापन झाली. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्याच चार जिनसांसाठी तिचे पानंच्या पानं नियम आहेत. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यांची लाकडाची भट्टी चारशे अंशांच्या बरीच पुढे जाते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. आपला ओटीजी अडीचशे अंशांवर थांबतो. म्हणजे तो पिझ्झा आपल्याकडे होणार नाही, हे मैदा चाळायच्या आधीच ठरलेलं असतं. तरीही करायचा, आणि मन लावून करायचा.

कमी आचेवर पिझ्झा आठ-दहा मिनिटं आत राहतो. तेवढ्या वेळात पिठातलं पाणी उडून तळ कडक होतो, म्हणून पाणी सुरुवातीलाच सढळ घालावं: शंभर ग्रॅम मैद्याला पासष्ट ग्रॅमपर्यंत. असं पीठ बोटांना चिकटतं. तेव्हा वरून मैदा भुरभुरवण्याचा मोह आवरावा आणि पुरणपोळीच्या कणकेसारखं ते तिंबत राहावं. एक बारीक गोळी तोडून दोन्ही हातांनी हळूहळू ताणून खिडकीसमोर धरावी. पडदा न फाटता त्यातून उजेड दिसला, की तिंबणं थांबवावं. त्या क्षणी जो आनंद होतो, तो खोका उघडताना कधी होत नाही.

यीस्ट चिमूटभरच घालावं. भरपूर घातलं तर पीठ तासाभरात फुगतं, पण त्याला नुसता यीस्टचा वास येतो. थंडाव्यात आंबायला रात्र आणि दिवस दिला, तर कडा भाजताना जी आंबूस-खमंग चव येते ती कुठल्याही मसाल्याने येत नाही. माझ्या मते पिझ्झ्याची सगळी चव या वाट पाहण्यात आहे. वरची सिमला मिरची आणि मक्याचे दाणे नसले तरी चालतात.

चीजही घरी करायचं म्हणणाऱ्याला मी मनापासून नमस्कार करतो. मोझरेला मुळात म्हशीच्या दुधाचं, आणि आपल्याकडे म्हशीच्या दुधाला तोटा नाही. लिटरभर दुधातून पाव किलोही चीज हाती लागत नाही आणि गरम पाण्यात ते ताणताना बोटं लाल होतात. उरलेल्या निवळीत पुढचं पीठ भिजवावं.

बिडाचा तवा उलटा करून ओव्हनमध्ये निदान पाऊण तास तापू द्यावा. लाटणं कपाटातच ठेवावं, त्याने पिठातली हवा निघून जाते. गोळा बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे दाबत न्यावा. खाली रवा पसरला की पिझ्झा तव्यावर सहज सरकतो. टोमॅटो न शिजवता हाताने कुस्करावेत, पण आधी मीठ लावून त्यांचं पाणी गाळून टाकावं, नाहीतर मधला भाग कच्चा राहतो.

एका वेळी एकच पिझ्झा होतो. घरात चौघं असतील तर पहिल्याचे चार तुकडे करून सगळ्यांनी ओट्याशी उभं राहूनच खावेत, कारण टेबलापर्यंत नेण्यातच तळ मऊ पडतो. तवा पुन्हा तापेपर्यंत पुढचा गोळा दाबायला घ्यावा. एखादा गोळा उरलाच तर झाकून परत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो जास्त चवदार लागतो.